रिकाम्या डब्याचं वजन

१

आमचे हे बत्तीस वर्षं वजनकाट्यावर होते. ट्रकांचा काटा. ट्रक आला, लोखंडी फळीवर उभा राहिला, आकडा आला, चिठ्ठी फाडली, पुढचा. नोकरीच्या शेवटी शेवटी असं झालं होतं, की ट्रक फाटकातून वळतानाच हे आकडा सांगायचे आणि काटा नंतर मान डोलवायचा. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे किती दबलेत, गाडी वळताना कुठल्या अंगाला झुकते, यावरून त्यांना कळायचं. घरीही तेच. बाजारात टरबूज हातात घ्यायचे नाहीत, नुसतं बघायचे. लग्नात माझं वजन किती होतं ते त्यांना पाठ आहे. आता किती आहे तेही, मी कधी सांगितलेलं नसताना.

निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी कॅराव्हॅन घेतली. गाडीच्या मागे अडकवून ओढायची, इंजिन नसलेली, दोन चाकांची खोली. आत पलंग, ओटा, दोन कपाटं, खिडकीशी घडीचं टेबल. आम्ही तिला डबा म्हणायचो. वर्षातले तीन-चार महिने डब्यात काढायचो आणि भांडलो की एकाने बाहेर जाऊन बसायचं, कारण आत रुसायलाही जागा नव्हती.

रोज निघण्याआधी यांचा एक नेम होता. डब्याच्या चाकाशी उकिडवं बसायचं आणि चाक व वरचा पत्रा यांच्यामधल्या फटीत आडवी बोटं घालायची. डबा रिकामा असला की सहा बोटं बसायची. सामान आणि पाणी भरलं की चार. चारच्या खाली गेलं की हे मला आत पाठवायचे, काहीतरी काढून टाक म्हणून. मी चिडायचे आणि काढायचे.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. यांनी काटे बाहेरच्या बाजूला काढले. डॉक्टरांनी मला वेगळं बसवून सांगितलं, की आता हळूहळू अंदाज चुकायला लागतील. वेळेचे, अंतराचे. मी विचारलं, वजनाचे? ते म्हणाले, सगळेच. त्यानंतर महिनाभरातच यांनी तीन किलो बटाट्यांना पाच किलो म्हटलं आणि स्वतःच हसले. मी काही हसले नाही.

लेकीचं म्हणणं होतं, की आता हे फिरणं बंद करा. शेवटी तडजोड झाली. एवढी एक फेरी, आणि पहिली मोठी चूक झाली की तिथूनच माघारी. हा करार आम्हा मायलेकींत झाला होता. यांना त्याचा पत्ता नव्हता.

२

त्या दिवशी सकाळी साडेनऊला चहाला थांबलो. रस्त्याकडेला गाड्या उभ्या करायला पुष्कळ रुंद अशी मोकळी जागा होती. झाड नाही, दुकान नाही, बसायला कट्टासुद्धा नाही. मी डब्यात चहा केला, दार उघडंच होतं. आम्ही कप घेऊन गाडीच्या पुढच्या बाजूला सावलीत उभे राहिलो, कारण ऊन मागून येत होतं. दहा मिनिटं. मग मी कप विसळले, दार लावलं आणि निघालो.

दोन-तीन किलोमीटर गेल्यावर हे म्हणाले, "मागे जड लागतंय."

"सकाळी टाकी भरली ना."

"टाकी धरूनच सांगतोय."

असं काही ऐकलं की मी मनातल्या मनात एक खूण करायचे. त्या आठवड्यातली ती तिसरी.

पुढे पूल बंद होता. बाण दाखवणारा एक पत्रा होता, आणि बाण शेतातून जाणाऱ्या कच्च्या वाटेकडे होता. वाट वरून कडक दिसत होती. अर्धा किलोमीटर गेल्यावर समोरून आलेल्या ट्रॅक्टरला जागा द्यायला यांनी गाडी डावीकडे घेतली, आणि डब्याचं डावं चाक वरची पापडी फोडून आत गेलं. यांनी जोर दिला. चाक आणखी आत गेलं. ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून पाहिलं, हात हलवला आणि तो गेला.

हे खाली उतरले. डबा कलंडू नये म्हणून त्यांनी आधी त्याचे चार कोपऱ्यांचे पाय खाली सोडले. हे सगळं त्यांना बरोबर आठवत होतं. मी वाटेवर उभी राहून त्यांच्याकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता, की हीच ती मोठी चूक धरायची का.

३

टोइंगवाल्याचा नंबर विम्याच्या कागदावर मिळाला. आवाजावरून चाळिशीतला. बोलका.

"काकू, घाबरू नका. असल्या वाटेवर आठवड्याला दोन तरी येतात माझ्याकडे. पण मला यायला तीन तास लागतील, तोवर एवढं करून ठेवा. कागद-पेन आहे?"

होतं. मी लिहून घेतलं. गाडी सोडवून पुढे कडक जागी न्यायची. पाण्याच्या दोन्ही टाक्या सोडायच्या. गॅस बंद करून सिलिंडर बाहेर. जड असेल ते सगळं बाहेर. कपाटांची, ड्रॉवरची दारं चिकटपट्टीने बंद. छपराची खिडकी लावायची. चाकांच्या पुढची माती उकरून उतार करायचा आणि त्यात फळ्या सारायच्या. सगळ्यात शेवटी कोपऱ्यांचे पाय वर घ्यायचे, नाहीतर ओढताना ते मोडतात.

"आणि मी ओढताना आत कुणी नको," तो म्हणाला. "एकदा एका गृहस्थांनी सासूबाईंना आतच झोपवून ठेवलं होतं. मला सांगितलंच नाही."

मी हसले. सकाळपासूनचं पहिलं हसू.

मग लेकीचा फोन आला. उंटावरून शेळ्या हाकणं तिला चांगलं जमतं. बाबांना काही उचलू देऊ नकोस, तूही कंबर सांभाळ, उन्हात उभी राहू नकोस. म्हणजे सामान आपोआप चालत बाहेर येणार होतं. शेवटी तिने आवाज खाली आणून विचारलं, "बाबा काही वेगळं बोलतायत का?"

"नाही," मी म्हटलं. "चिखल आहे, बाकी काही नाही."

४

पूलवाल्यांनी टाकलेल्या जुन्या फळ्या वाटेच्या कडेला पडल्या होत्या. चाकांना लागतील तेवढ्या ठेवून उरलेल्या सात आम्ही डब्याच्या दारापासून कडक खडीपर्यंत एकापुढे एक मांडल्या, म्हणजे सामान काढताना पाय रुतणार नाहीत. फळीवर पाय पडला की ती दबायची, दोन्ही कडांनी पाणी वर यायचं, आणि पाय उचलला की चुक असा आवाज करून ती परत वर यायची.

दीड तास मी त्या फळ्यांवरून ये-जा केली. सिलिंडर. बॅटरी. डाळ-तांदळाचे डबे, तेल, भांड्यांची टोपली. यांच्या हत्यारांची पेटी, जी मी तीन वर्षांपासून घरी ठेवा म्हणत होते. पुस्तकं. घडीच्या खुर्च्या. पांघरुणं, कारण कापडालाही वजन असतं, हे यांचंच वाक्य. हे चाकापुढची माती उकरत होते. पाचेक मिनिटं उकरायचे, मग फावड्यावर रेलून डब्याकडे बघत राहायचे.

माझी पाठ भरून आली होती. संसार म्हणजे काय, तर खडीवर मांडलेला पंधरा पावलांचा ढीग. शेजारून जाणाऱ्या कुणाला दिसला असता, तर वाटलं असतं, यांना घराबाहेर काढलंय. शेवटची उशी बाहेर ठेवली तेव्हा आत फक्त पलंगावरची गादी उरली होती. स्पंजची आणि दारातून न निघणारी. ती कंपनीनेच आत कोंडून मग डबा बांधला असावा.

टाक्यांचं पाणी संपल्याचा गुळगुळ आवाज आला आणि थांबला. आता डब्यात काही नव्हतं.

"आता पाय वर घेतो," हे म्हणाले.

५

पाय टेकलेले असताना बोटं खोटं सांगतात, असं हे म्हणायचे. पाय वर गेले, की डबा पूर्णपणे चाकांवर येतो. मधे एकच आस, पुढे टेकूला एक छोटं चाक. म्हणजे तराजूच. पुढे भार गेला की नाक दबतं, मागे गेला की नाक उचलतं.

यांनी हॅण्डल फिरवून चारही पाय वर घेतले. मग चिखलात गुडघे टेकून डाव्या चाकाच्या फटीत बोटं घातली. काढली. परत घातली. उठून उजवीकडे गेले, तिथेही घातली.

"चार," ते म्हणाले. "अजून चार आहेत, गं. साडेचार म्हण."

"चाक रुतलंय म्हणून."

"चाक रुतलं तर चाकासकट डबा खाली जातो. फट तेवढीच राहते." अगदी शाळेतल्या मास्तरांसारखे शांतपणे ते म्हणाले. "आत वजन आहे."

"आत काही नाही. मी स्वतः काढलंय सगळं."

"पासष्ट किलो. एखाददुसरा इकडेतिकडे."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गोंधळ झाला की त्यांची नजर एका जागी ठरत नाही, हे मला आता कळू लागलं होतं. तेव्हा ती ठरलेली होती. काट्यावरच्या खिडकीतून ट्रककडे बघायचे, तशी.

मी वाकून माझी बोटं घातली. माझी बोटं बारीक आहेत. पाच बसली. मला सहा हवी होती. पण चिखलाने पाटे धरून ठेवले असतील. जुना डबा आहे, गंजला असेल. सहा बोटं कधीतरी मोजली असतील, तेव्हा पाटे नवे असतील. अशी चार-पाच कारणं मी उभ्या उभ्या शोधली आणि त्यांतलं प्रत्येक बरं होतं.

खरं सांगायचं तर मला काय हवंय हेच मला कळत नव्हतं. ते चुकत असले, तर ही शेवटची फेरी. ते चुकत नसले, तर त्यांचं डोकं शाबूत होतं. पण मग आत काहीतरी होतं.

६

"मी आत जाऊन बघते," मी म्हटलं. "कपाटांना पट्ट्याही लावायच्यात."

"जा. मी इथून फट बघतो. तू आत गेलीस की बोटभर तरी उतरायला हवं."

आत रिकाम्या खोलीचा वास होता. दोन तास दारं-खिडक्या उघड्या होत्या, तरी आत बाहेरच्यापेक्षा गार होतं. पावलांचा आवाज मोठा येत होता. मी छपराची खिडकी लावली, ओट्याखालच्या कपाटाला पट्टी लावली. ड्रॉवर एकेक ओढून पाहिला. रिकामे. कपाटांत हात घालून कोपरे चाचपले, पलंगाखालचा खण उघडला. एक चमचा सापडला. पासष्ट किलोचा नव्हता.

मागे पलंगावरची गादी उघडी पडली होती. तिच्या कडेला, भिंतीपाशी, एक खळगा होता. रोज मी झोपते ती बाजू दाराकडची. हे झोपतात ती मधली. भिंतीपाशी आम्ही कपड्यांची बॅग ठेवायचो. बॅगेचाच खळगा, मी म्हटलं. बॅग काढून तास झाला होता, पण स्पंज जुना आहे, सावकाश उठतो.

मी बघत असताना तो उठला. सावकाश नाही. कुणी बसलेलं उठल्यावर गादी उठते, तसा.

मी जागच्या जागी उभी राहिले. ऊन खिडकीतून ओट्यावर पडलं होतं आणि बाहेर कुठेतरी एक पाखरू एकसारखं ओरडत होतं. माझ्या पायाखालची जमीन किंचित हलली. मग थांबली.

"अगं," बाहेरून यांचा आवाज आला. "तू पुढे आलीस का?"

"नाही. मी मधेच उभी आहे."

"नाक दबलं आत्ता."

मी डब्याच्या मधोमध उभी होते. पुढच्या बाजूला टेबलाची रिकामी जागा होती, तिच्यापुढे खिडकी आणि खिडकीत आकाश. माझ्या आणि खिडकीच्या मधे काही नव्हतं. मी एक पाऊल मागे, पलंगाकडे टाकलं. जमीन पुन्हा हलली, अगदी थोडी.

"आता?" मी विचारलं. माझा आवाज मला लहान मुलीसारखा वाटला.

"आता बरोबर झालं," हे म्हणाले. "तू मागे गेलीस ना? तू मागे जातेस तसं ते पुढे जातंय. तोल सांभाळतंय. ये बाहेर."

मी बाहेर आले. धावले नाही. दार डब्याच्या बाजूला आहे, अगदी पुढच्या खिडकीला लागून. तिथून जाताना मी अंग चोरून गेले, गर्दीत कुणाच्या जवळून जावं लागतं तसं.

बाहेर आल्यावर मी दाराला कडी घातली आणि यांच्याशेजारी खडीवर, उशांच्या ढिगावर बसले. यांनी मला पाणी दिलं.

"मला वेड लागलंय का गं?" त्यांनी विचारलं.

मी पाणी प्यायले. मग म्हटलं, "ऊन फार आहे."

७

तीन तास म्हणता म्हणता टोइंगवाला दुपारी पावणेतीनला आला. अंगाने जाडजूड, गळ्यात टॉवेल. गाडी त्याने खडीवरच उभी केली, आमच्या शेवटच्या फळीला लागून, आणि उतरतानाच म्हणाला, "शाब्बास, काकू. इतकी तयारी माझ्या लग्नालासुद्धा झाली नव्हती."

त्याने चाकांपुढचा उतार पाहिला, फळ्या पाहिल्या, कोपऱ्यांचे पाय वर आहेत ना ते पाहिलं. यांच्याकडे वळून म्हणाला, "काका, तुमचं काम आहे वाटतं हे. मापात उकरलंय." यांचा चेहरा खुलला. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांना कामाचा माणूस म्हटलं होतं. त्याबद्दल तो माणूस मला फार आवडला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

"आत कुणी नाही ना?" त्याने विचारलं.

हे माझ्याकडे बघायला लागले.

"कुणी नाही," मी म्हटलं.

त्याने डब्याखाली सरपटत जाऊन चेसीला पट्टा बांधला, पट्ट्याला गाडीच्या विंचची, म्हणजे ओढायच्या यंत्राची, तार अडकवली आणि आम्हाला लांब उभं केलं, तार तुटली तर फटका बसू नये म्हणून. तो गाडीच्या मागच्या बाजूला बटणांपाशी उभा राहिला. त्याच्या केबिनची दोन्ही दारं उघडीच होती, गरम होतं म्हणून.

तार ताणली गेली. डबा कण्हला. पुढे वीतभर सरकला आणि अडला. विंचचा आवाज चढत गेला, मग त्याने बटण सोडलं.

"जड आहे हो," तो ओरडून म्हणाला. "रिकामा म्हणालात ना? थांबा, डावीकडे अजून थोडं उकरतो." तो फावडं घेऊन डब्याच्या पलीकडच्या बाजूला गेला आणि दिसेनासा झाला.

झटक्याने डब्याच्या दाराची कडी निसटली होती. दार हळूच उघडलं आणि अर्ध्यावर थांबलं.

८

मी जे पाहिलं तेवढंच सांगते.

दाराखाली एक लोखंडी पायरी आहे. ती दबली. डब्याचं नाक वर आलं. पहिली फळी दबली आणि तिच्या दोन्ही कडांनी पाणी वर आलं. मग बराच वेळ काही झालं नाही. दुसरी फळी दबली. पहिली चुक आवाज करून वर आली. तिसरी.

घाई नव्हती. गुडघे दुखणारं माणूस चालतं तसं, प्रत्येक फळीवर थांबून. चौथ्या फळीवर ते सगळ्यात जास्त वेळ थांबलं. चौथी फळी आमच्या समोरच होती, दहा पावलांवर. फळीवर ऊन होतं, फळीच्या कडेचं पाणी थरथरत होतं आणि त्या पाण्यात आकाश आणि त्यापुढे काहीतरी उभं दिसलं. पाणी इतकं थोडं होतं की किती उंच, कुणाकडे तोंड करून, हे काही कळलं नाही. मला वाटतं, आमच्याकडे.

यांनी माझं मनगट धरलं होतं. आम्ही दोघं जुन्या फोटोत उभे असतो तसे उभे होतो.

मग पाचवी. सहावी. सातवी फळी टोइंगवाल्याच्या गाडीला लागून होती. ती दबली, आणि केबिनच्या उघड्या दारातून मला ड्रायव्हरशेजारची सीट दिसत होती, फाटक्या कव्हरची. ती सीट खाली बसली. सातवी फळी वर आली.

पलीकडून फावड्याचा आवाज येतच होता. तो माणूस उकरता उकरता शीळ वाजवत होता.

दुसऱ्या खेपेला डबा फुलासारखा आला. "बघा," तो म्हणाला. "डावीकडेच अडला होता." त्याने डबा खडीवर आणला, आमच्या गाडीला जोडून दिला, सामान परत चढवायलासुद्धा हात लावला. अर्धा तास तो आमच्याबरोबर होता. सिलिंडर त्याने एका हातात उचलला. त्याच्या मुलीला मोटारींची आवड आहे, ती त्याचा धंदा पुढे चालवणार म्हणते, असं काय काय सांगत होता. अर्धा तास. मी दर वाक्याला हं हं म्हणत होते.

हे डब्याच्या चाकाशी बसले होते. "सहा होती," ते मला हळूच म्हणाले. "सामान चढवायच्या आधी मोजली मी. पुरती सहा."

टोइंगवाला केबिनमध्ये चढला. पलीकडे वाकून त्याने शेजारचं दार ओढून घेतलं. आम्हाला हात केला आणि गाडी सुरू केली.

तेव्हा हे उठले. "अगं, त्याची गाडी बघ. डाव्या अंगाला. त्याच्याकडे गेलं ते. त्याला सांगायला हवं." आणि हात वर करून वाटेवर पुढे धावले. पासष्टीचा माणूस चिखलाच्या बुटांनी धावतो तसे. "अहो, थांबा. अहो."

मी मागून जाऊन त्यांचा हात धरला आणि खाली घेतला.

का, ते मी स्वतःला बरेचदा विचारलंय. तो थांबला असता, तर खाली उतरला असता. तो उतरला असता, तर दार उघडलं असतं. आणि त्या अख्ख्या वाटेवर बसायला दुसरी जागा फक्त आमच्याकडे होती. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात आलं, इतकं नीट की मला माझीच भीती वाटली.

"तुम्हाला भास होतोय," मी म्हटलं.

"तू पण पाहिलंस. फळ्या. तू माझ्याशेजारी होतीस."

"मी काही पाहिलं नाही. डॉक्टर म्हणालेच होते, की असं होईल."

त्यांना मी हे कधी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गाडी वळणावरून गेली आणि तिच्या धुळीकडे ते बघत राहिले. त्यांची नजर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जायला लागली होती.

"म्हणजे मी चुकलो?" ते म्हणाले.

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन शेजारच्या सीटवर बसले. उरलेला रस्ता मी चालवला.

९

संध्याकाळी एका गावाबाहेर मुक्काम केला, टाक्या परत भरून घेतल्या. सामान लावायचं अंगात त्राण नव्हतं, सगळं तसंच पडलं होतं. लेकीला फोन करून सांगितलं, की उद्यापासून माघारी येतोय. तिने कारण विचारलं नाही. "बरं केलंस, आई," म्हणाली.

सकाळी निघताना मी वाट बघत होते. हे डब्याला वळसा घालून आले, कड्या पाहिल्या, दिवे पाहिले. चाकाशी थांबले. मग खाली न वाकताच पुढे गेले.

"बोटं नाही घातली?" मी विचारलं.

"कशाला," ते म्हणाले. "तूच बघ हवं तर."

मी पाहिली. माझी साडेचार, म्हणजे यांची चार. आमचीच चार.

त्याआधी, हे दाढी करत असताना, मी डब्याच्या मागे जाऊन टोइंगवाल्याला फोन लावला. एक फावडं तुमच्याकडे राहिलं का, असं विचारायचं मी ठरवलं होतं. बऱ्याच वेळाने त्याने उचलला. आवाज बसलेला होता.

"फावडं? नाही, काकू. बघतो परत." मग म्हणाला, "झोप नाही झाली. गाडी कालपासून एका अंगाला ओढतेय. दोनदा जॅक लावून पाहिली, काही सापडत नाही. म्हातारी झाली बहुतेक, माझ्यासारखी." तो हसला, पण ते त्याचं आदल्या दिवशीचं हसू नव्हतं. "आत्ता मुलीला शाळेत सोडायला निघालोय याच गाडीने. ती म्हणते, बाबा, मी मागे बसते."

डब्यातून यांचा वस्तरा वाटीवर आपटल्याचा आवाज येत होता.

"काकू, एक विचारू का?" तो म्हणाला. "काल निघताना मला आरशात दिसलं. काका मागे पळत होते, हात वर करून. काय म्हणत होते ते?"

"निरोप देत होते," मी म्हटलं.

"असं होय," तो म्हणाला. "मला वाटलं, थांब म्हणतायत."